नजर हटली की नदी अडकली

"दोन दिवस द्या, मॅडम! तिसऱ्या दिवशी प्रोग्राम घोड्यासारखा पळेल!"

पूरअंदाज कक्षाच्या बैठकीत, कक्षप्रमुख मॅडमसमोर छाती पुढे काढून हे बोलले ते निदानराव. हे त्यांचं ऑफिसातलं नाव. गळणारा नळ असो की शिपायाची कंबर, निदान करायला हे सगळ्यांच्या आधी हजर!

या वेळचा रोगी मात्र बेरकी होता. उद्या नदीला किती पाणी येणार, हे सांगणारा प्रोग्राम. दोनशे छप्पन्न प्रोसेसरांनी नदी तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतलेली. प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारणार, 'तुझ्याकडे किती पाणी?' आणि पुढचं गणित करणार. आकडा दुपारी चारच्या आत धरणावर गेला, तरच खालच्या गावांना सावध करून दारं उघडता येतात. आणि महिनाभर हा प्रोग्राम मध्येच बसकण मारत होता. चूक दाखवत नाही, ओरडत नाही, नुसता रुसलेल्या जावयासारखा गप्प!

निदानरावांनी एक मोजणीचं साधन आणून त्याच्यावर बसवलं. कोण काम करतोय, कोण कोणाची वाट बघतोय, याची ते क्षणाक्षणाला नोंद करतं आणि रंगीत पट्ट्या काढून दाखवतं. साधन सुरू केलं, आणि प्रोग्राम सुरळीत शेवटापर्यंत गेला!

"योगायोग!" निदानराव म्हणाले. साधन बंद केलं, अडकला. चालू केलं, धावला. पुन्हा बंद, पुन्हा ठप्प! आठवडाभर त्यांनी नोंदी वाचल्या. चाळीस कोटी ओळी, आणि एकाही ओळीत गुन्हा नाही! चौकी बसवली आणि गावातले सगळे चोर सज्जन झाले!

"अहो, जेवताय की ताटाशी भांडताय?" बायकोनं विचारलं.

"माझ्यासमोर ते बिघडतच नाही गं!"

"त्यात काय नवल? माझा चौथीचा वर्ग बघा. मी दारात उभी असले की पोरं एकेक करून बाहेर पडतात. पाठ फिरवली की दोघं एकदम दारात घुसतात आणि अडकतात. ना हा मागे सरत, ना तो!"

निदानरावांचा घास हातातच राहिला. अगदी हेच! कुठले तरी दोन प्रोसेसर एकमेकांच्या उत्तराची वाट बघत अडकत होते. साधन प्रत्येकाला नोंदीपुरतं किंचित थांबवायचं, म्हणून टक्कर टळायची. रोग कळला! पण दोनशे छप्पन्नांतले ते दोघे कोण? पकडायचं तर बघायला हवं, आणि बघितलं की ते शहाण्यासारखे वागणार! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी मॅडम पुष्पगुच्छ घेऊन हजर. "धरणावरचे इंजिनिअर खूश आहेत! आठवडाभर अंदाज वेळेवर! काय दुरुस्त केलंत?"

"काहीच नाही, मॅडम."

"केवढा हा विनय!"

"विनय नाही हो! मी नुसता बघतोय!"

"मग बघत राहा!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

चार दिवसांनी नोंदींनी सगळ्या ऑफिसची सामाईक डिस्क गच्च भरली. अंदाज बंद, टपाल बंद, हजेरीसुद्धा बंद! धरणावरचे इंजिनिअर फोनवर ओरडत होते, "दारं उघडू की नको?" निदानरावांनी भराभर जुन्या नोंदी पुसल्या. आकडा गेला तीन अठ्ठावन्नला. त्या दिवसापासून रोज तीनदा नोंदी पुसणं हीच त्यांची नोकरी झाली. साधन बंद करायची छाती होईना, ते दोघे सापडेनात. एवढं शिकून शेवटी फळा पुसायची वेळ आली!

आणि एका सोमवारी साधन चालू असतानाच प्रोग्राम अडकला. पडद्यावर साधन बनवणाऱ्यांचा आनंदी निरोप झळकत होता: 'नवी आवृत्ती आपोआप बसवली आहे. आता आम्ही तुमच्या प्रोग्रामला जराही थांबवत नाही!'

म्हणजे आता नजर होती, पण धाक नव्हता. निदानरावांनी घाईघाईनं पट्ट्या उघडल्या. सगळ्या हिरव्या, आणि मधोमध दोनच लालभडक. एकशे सतरा आणि एकशे अठरा!

"सापडले! अडकले! अडकले!" निदानराव खुर्चीवर चढून नाचू लागले.

दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या फोनवर धरणावरचे इंजिनिअर सगळं ऐकत होते.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. प्रोग्राम तेव्हापासून एकदाही अडकलेला नाही. मेमो मात्र संध्याकाळीच मिळाला: 'पूरअंदाज बंद पडल्याबद्दल कार्यालयात जाहीर आनंद व्यक्त केला, याचा लेखी खुलासा करावा.'