निळ्या खोलीतले श्रोते

"निळी खोली कुठे आहे?" रालित्साने विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता जिन्याकडे बोट केलं. "खाली." तिने 'निळा हॉल' म्हटलं असतं, तर बाईंनी वर पाठवलं असतं.

वेलिंग्रादच्या त्या गरम झऱ्यांच्या हॉटेलात विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय नेतृत्व परिषद भरली होती. ज्यांचं सत्र सर्वांत सरस ठरेल, त्यांना पुढच्या वर्षी फिनलंडला जायचं होतं. विदिनहून आलेल्या रालित्सा आणि यावोरच्या मुख्याध्यापिका गेनोवाबाईंनी आपली मुलं फिनलंडला निघाल्याची बातमी निकालाआधीच गावच्या वर्तमानपत्रात छापून आणली होती. त्यामुळे आज सत्र घ्यायला निघालेल्या या दोघांना हरून परतायची सोय नव्हती.

तळघरातल्या बोळात पायाखाली काहीतरी पांढरं कुरकुरत होतं. शेवटच्या दारातून निळसर धुकं झिरपत होतं. आत तीस-एक माणसं रांगांनी बसली होती. गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरी, डोळे मिटलेले, चेहऱ्यांवर पांढरी भुकटी. श्वासाचासुद्धा आवाज नाही.

"रालित्सा," यावोर कुजबुजला, "मेलीत का गं ही?"

"परदेशी पाहुणे आहेत. शिस्त असते त्यांना."

"सगळे म्हातारे कसे?"

"परीक्षक असतील. सुरू कर तू!"

यावोरने पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. कोणी हललं नाही. त्याने विनोद केला. कोणी हसलं नाही. मध्येच छतावरून काहीतरी जड फरफटत गेलं, आणि तीसच्या तीस कपाळांना एकदम आठ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बाईजवळ वाकून यावोर आपल्या भाषेत म्हणाला, "आजी, ऐकू येतंय ना? येत असेल तर हात वर करा."

चादरींतून तीस हात वर आले.

यावोर रालित्साच्या मागे जाऊन उभा राहिला. तिच्या डोळ्यांपुढे मात्र वर्तमानपत्र दिसत होतं. तिने पुढचा प्रश्न विचारला, "तुमचं... तुमचं कोण ऐकत नाही? दाखवा बरं."

तीस बोटं छताकडे वळली.

"देव?" यावोर पुटपुटला.

"गप्प बस रे!" म्हणून तिने उरलंसुरलं भाषण आपल्याच भाषेत एका दमात संपवलं. "नेता म्हणजे पहिलं पाऊल टाकणारा माणूस! तर मग कोण उठणार?"

पुढची चादर सावकाश उठली. मग दुसरी. मग सगळ्याच. एक शब्द न बोलता ती रांग दोघांच्या शेजारून गेली आणि जिना चढू लागली. इथे एकटं थांबण्यापेक्षा त्यांच्या मागे जाणं बरं, असं दोघांनाही वाटलं.

वर निळ्या हॉलमध्ये चौदा देशांची मुलं वीस मिनिटांपासून या दोघांची वाट पाहत, खुर्च्या इकडून तिकडे ओढत बसली होती. दार उघडलं. पांढऱ्या चादरी एकेक करून आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. एक पोर्तुगीज मुलगा टेबलाखाली शिरला.

पुढच्या आजींनी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटं थांबल्या आणि मग कडाडल्या, "मिठाच्या खोलीत आणि निघाल्यावर पाच मिनिटं बोलायचं नसतं, नाहीतर कधीच झापलं असतं! खाली आम्ही छातीच्या दुखण्याला मिठाची वाफ घेतोय आणि वर तुमची ही फरफट! दोन दिवस तक्रार करतोय, कोणी ऐकत नाही. आज या पोरीने विचारलं. उचला खुर्च्या! हातात उचला!"

दुभाष्याने कापऱ्या आवाजात त्याचं इंग्रजी केलं. सव्वाशे मुलांनी खुर्च्या उचलल्या आणि अलगद खाली ठेवल्या. क्षणभराने परीक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. इतकं जिवंत सत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. सत्र घेणाऱ्यांत त्यांनी पुढच्या आजींचंही नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी निकाल लागला आणि लगेच गेनोवाबाईंचा फोन आला. "शाब्बास रे पोरांनो! पण फिनलंडच्या यादीत आपल्या शाळेच्या नावासमोर तीन नावं कशी? ही त्सोना कोण? कुठल्या वर्गातली?"

यावोरने समोर पाहिलं. त्सोनाआजी सूप भुरकत रालित्साला फिनलंडमधल्या थंडीबद्दल विचारत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "आम्हाला जरा सीनियर आहे."