पैठण-चारची कढी

रविवारी दुपारी अमिनानं पुंडलिकनगरच्या घरातला फ्रिज उघडला आणि ओरडली, "अम्मी, इथली बाटली कुठंय? पैठण-चार!"

"दही होतं न त्यात? कढी केली," गुलशनबी म्हणाल्या.

"ते दही नव्हतं, माझा डेटा होता!"

"हौ? मग डेट्याची कढी लई झकास झालीय. खाऊन तर बघ."

अमिना गावोगावच्या दह्यातल्या जिवाणूंवर पीएचडी करत होती. प्रयोगशाळेला सुट्टी, म्हणून पैठणच्या साळूबाईंच्या घरचा नमुना तिनं घरी ठेवला होता.

"प्रत्येक नमुन्याला गाव असतं, घर असतं," ती कळवळून म्हणाली. "एक चुकला की पुढचं सगळं खोटं."

"मग आपल्या मटक्यातलं भर. कुणाला कळतंय?"

"तुझ्या दह्यावर कुणी पीएचडी करत नाही, अम्मी!"

रोज दोन वाट्या तेच दही अमिना चाटूनपुसून खायची. चांगलं झालंय, असं मात्र कधी म्हणाली नव्हती.

संध्याकाळी गुलशनबींनीच हाक मारली, "मिळाली गं तुझी बाटली, मागं सरकली होती. मजाक केली मी." चिठ्ठी तीच, दही काठोकाठ. अमिनानं जास्त चौकशी केली नाही. तिला बाटली हवी होती.

सोमवारी ती बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेली. दुपारी फोन आला. गुलशनबी ओट्यापाशीच कोसळल्या होत्या. अमिना पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसांत मटक्यातलं विरजण नासलं. मग अमिनाचे अब्बा हैदर शेजारच्या चतुराबाईंकडून विरजण आणू लागले. दही लागायचं, पण ताटात तसंच उरायचं.

इकडे पैठण-चारचे जिवाणू सगळ्यांत सरस निघाले. भर उन्हाळ्यातही दही आंबू न देणारे! मार्गदर्शक आप्पासाहेबांनी त्यांच्यावर लेखच लिहायला घेतला. पडताळणीसाठी अमिना पुन्हा पैठणला गेली. साळूबाईंच्या ताज्या दह्यात ते जिवाणू औषधालाही सापडले नाहीत.

"आमचं तर लई आंबट असतंय, बाई," साळूबाई म्हणाल्या होत्या. "वासरू बी तोंड फिरवतंय."

तिनं हे घरी सांगितलं, तेव्हा हैदर कित्येक महिन्यांनी हसले. "पैठण की कढी तो हमने खाई थी, बेटा. बाटली धो के तेरी अम्मी ने अपना दही भरा. बोली, बच्ची का एक नमुना कम नक्को पडना."

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब लेख पाठवायच्या बेतात होते.

"सर, पैठण-चार खोडावं लागेल."

"आज? अहो, सगळा लेख त्याच्यावर उभाय!"

"जिवाणू खरे आहेत, सर. गाव खोटं आहे. पुंडलिकनगर-एक लिहा."

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "नमुना जिवंत आहे ना निदान?"

"आहे. फ्रीझरमध्ये."

"घर कुणाचं लिहू?"

"माझ्या अम्मीचं," अमिना म्हणाली. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं. "दही लई चांगलं लावायची ती, सर."