अकरा टोप्या आणि पाच किलो मटार

"महिनाभरात अख्खं गाव माझ्या पुढच्या खोलीत आणून बसवते की नाही, बघच तू!"

थोरलीनं फोनवर ही गर्जना केली, तेव्हा तिला या गावात येऊन उणेपुरे तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत तिच्याशी बोललेला बाहेरचा माणूस एकच, गॅस सिलिंडरवाला. तोही "इथं सही करा" एवढंच बोलला. पण हे धाकटीला सांगते कोण!

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. वय पासष्ट, तरी धाकटीच. तिला मोठ्या बहिणीची चूक काढायची संधी मिळाली की संधिवातसुद्धा पळतो.

"ताई, ते फिरायला येणाऱ्यांचं गाव आहे," धाकटी म्हणाली. "तिथं माणसं आज येतात, परवा जातात. तुझा लेक आणि सून दिवसभर त्या तळ्याकाठच्या हॉटेलात राबणार. तू काय भिंतींशी बोलणार? मी एक तारखेला गाडी घेऊन येते. तुझ्याकडे चार माणसं बसलेली दिसली, तर मुकाट्यानं परत जाईन. नाही दिसली, तर ट्रंक उचल आणि चल माझ्याकडे कायमची."

कायमची! धाकटीच्या घरी टीव्हीचा रिमोट धाकटीच्या उशीखाली असतो आणि पंखा तिच्या मर्जीनं फिरतो. शिवाय नवरा गेल्यापासून पाच वर्षं थोरली एकटी कुकरच्या शिट्टीला "आले गं, आले" म्हणत जगली होती. आता कुठं लेकाजवळ आली होती. ती काय जाते?

"ये," ती म्हणाली. "पण तुला बसायला जागा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते!"

आणि फोन ठेवून ती घाबरी झाली.

घर होतं बसस्टँडवरून तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत. जुनं, दगडी, ठेंगण्या निळ्या दाराचं. समोर इस्त्रीवालीचं दुकान, त्याला लागून सलून. कोपऱ्यावर होडीवाल्याची टपरी. चौथ्या दिवशी थोरली दार सताड उघडून खुर्ची टाकून बसली. इस्त्रीवाली सगळ्या गल्लीशी बोलत होती, पण थोरलीकडे बघून नुसती हसली. हसून लगेच कॉलरवर वाकली. लाजली असेल म्हणावं, तर बाई पन्नाशीची!

तेवढ्यात गल्लीतून माणसांचा एक घोळका आला. पुढं पिवळा झेंडा घेतलेला एक पुढारी, मागं दहा-अकरा जण, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. ते दारासमोर थांबले आणि थोरलीकडे टकामका बघू लागले.

महिन्यात चार माणसं हवी होती, इथं एका फटक्यात अकरा!

"अहो, उन्हात काय उभे? आत या की!" थोरली ओरडलीच. "घर तुमचंच आहे!"

झेंडेवाला दचकला. "सगळे आत आले तर चालेल, आजी?"

"चालेल म्हणजे काय? पळेल!"

"आणि उद्या? परवा? रोज साधारण दहा वाजता आणलं तर?"

"रोज आणा! विचारताय काय परक्यासारखं?"

झेंडेवाल्यानं लगेच खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. वा! थोरली मनात म्हणाली, किती पद्धतशीर गाव. शेजाऱ्याकडे जायचं तर तेही लिहून ठेवतात.

आणि मग रोज दहाच्या ठोक्याला माणसं यायला लागली. टोप्या अकरा, कधी तेरा. गोष्ट एवढीच होती की थोरलीला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं.

रोज चेहरे नवे. कालचा एकही नाही. हे गाव आहे तरी केवढं? शिवाय प्रश्न असे विचारायचे की हसावं की रडावं!

"आजी, हे दार किती जुनं?"

"मी आले तेव्हापासून आहे."

"आणि तुमचे आजोबा काय करायचे?"

"रेल्वेत होते."

"इथं? या घरात?"

"घरात कोण रेल्वे चालवतं, बाई? घरात झोपायचे!"

लगेच चारजण लिहून घ्यायचे. एक पोरगी तर कोपऱ्यातल्या झाडूचा फोटो काढून गेली. गावात झाडू नसतील काय? नसतील बाई. थोरलीनं ठरवलं, इथली माणसं जरा मंद आहेत, पण मनानं चांगली आहेत.

बरं, रिकाम्या हातांनी माणूस गप्पा मारतो हे थोरलीला बघवत नाही. पाचव्या दिवशी तिनं मटाराची पिशवी मध्ये ओतली आणि म्हणाली, "सोला!" ती माणसं अशी तुटून पडली की जणू जन्मात शेंग पाहिली नव्हती. एकजण तर पहिला दाणा बाहेर आल्यावर टाळ्या वाजवायला लागला! पंचवीस मिनिटांत पाच किलो मटार साफ. मग रोजचंच झालं ते. घरात दोन्ही वेळा मटार. पंधराव्या दिवशी सून ताटाकडे बघून हळूच म्हणाली, "आई, तुमच्या मैत्रिणींना भेंडी चिरता येत नाही का हो?"

एकच गोष्ट जिवाला लागायची. मटार सोलता सोलता थोरली आपली ठेवणीतली गोष्ट काढायची. सासरे पत्र्यावर चढले, आणि खालून कुणीतरी शिडी काढून नेली ती! गोष्ट रंगात यायची, सासरे पत्र्यावरून हातवारे करायला लागायचे, आणि नेमकी तेव्हा झेंडेवाल्याची शिट्टी वाजायची. फुर्र! की सगळ्या टोप्या उठून बाहेर. सासरे रोज पत्र्यावरच राहायचे.

"कडक माणूस आहे," थोरली लेकाला सांगायची. "पण त्याच्यामुळं गावाला शिस्त आहे हो."

"आई, तुझं बस्तान बसलं तर!" लेक खूश. तो हॉटेलच्या काउंटरवरून संध्याकाळी परत यायचा, त्याला टोप्या कशा दिसणार?

शिस्त नव्हती ती फक्त समोरच्यांना! इस्त्रीवाली, सलूनवाला, होडीवाला. थोरलीकडे माणसं बसली की हे तिघं मुद्दाम पाठ फिरवायचे. दारावरून गेले तरी नजर आभाळात. थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची. मग ती गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायची, "काही जणींनी आपल्या मानेलाच इस्त्री मारून घेतलीय! वळतच नाही!" कधी म्हणायची, "काही जणांच्या कात्रीपेक्षा त्यांच्या तोंडाला जास्त गंज चढलाय!" टोप्या हसायच्या. समोरचे मात्र ढिम्म.

एक तारीख उजाडली. थोरलीनं अकरा खुर्च्या मांडल्या, सात किलो मटार आणले, नवी साडी नेसली. साडेनऊला धाकटी आली. बाहेर गाडीवाल्याला "इंजिन बंद नको करूस" असं सांगूनच आत आली.

"बस," थोरली ऐटीत म्हणाली. "कडेला बस. गर्दी होईल."

दहा वाजले. कुणी नाही.

सव्वादहा. गल्लीतून एक कुत्रं गेलं. तेही आत डोकावलं नाही.

"तुझं गाव उशिरा उठतं वाटतं," धाकटी म्हणाली.

"येतील. झेंडेवाला वेळेचा पक्का आहे."

"कोण झेंडेवाला?"

"इथला पुढारी."

साडेदहाला धाकटी शेंगा सोलून तोंडात टाकायला लागली. पावणेअकराला ती उठली आणि खाटेखालून ट्रंक ओढली. तो ट्रंक घासल्याचा आवाज झाला मात्र, थोरली ताडकन बाहेर पडली आणि तडक इस्त्रीवालीसमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं! महिना झाला समोर राहते. शेजारधर्म म्हणून एकदा तरी आलीस? निदान मान वर करून बघावं?"

इस्त्रीवालीनं जीभ चावली. "अहो आजी, तुमच्याकडे गिऱ्हाईक असतं ना!"

"काय असतं?"

"गिऱ्हाईक! या गल्लीत पद्धतच आहे तशी. दुसऱ्याच्या दारात गिऱ्हाईक असलं की तिकडं बघायचं नाही, हाक मारायची नाही. मध्येच आपण तोंड घातलं आणि गिऱ्हाईक उठलं तर पाप कुणाच्या माथी? आणि तुमच्याकडे तर काय, पहिल्या आठवड्यापासून रांग! ती उठते तोवर आमच्याकडे लागते!"

"अगं, गिऱ्हाईक कसलं? शेजारीपाजारी येतात ते!"

"शेजारी तर आम्ही," इस्त्रीवाली गोंधळून म्हणाली. "ते बसनं येतात. आज बस बिघडलीय म्हणून नाही आले."

"बस? कुठली बस?"

इस्त्रीवालीनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं गावाचा रंगीत नकाशा टांगला होता. थोरली चौथी पास. तिनं बोट ठेवून ठेवून अक्षरं लावली. सहा, घड्याळाचा मनोरा. आठ, सार्वजनिक स्वच्छतागृह. आणि मध्ये? मध्ये तिचं निळं दार!

"क्र-मांक सात," ती वाचू लागली. "गाव-ची आजी. जन्म..."

"जन्म याच घरात," मागून धाकटीनं चष्मा लावून घडाघडा वाचलं. "बहात्तर वर्षं याच घरात वास्तव्य. आजीसोबत मटार सोला. वेळ पंचवीस मिनिटं." तिनं चष्मा काढला. "ताई, तुझा जन्म इथला होय? मग मी कुठं जन्मले गं?"

थोरलीनं नकाशावर पुन्हा बोट फिरवलं. क्षणभर तिला वाटलं, छापलंय म्हणजे खरंही असेल. आपल्यालाच कुणी सांगितलं नसेल. महिनाभर तीनशे माणसं घरात आली आणि शेजारी म्हणून एकही आलं नाही, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तशी ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

"चल," धाकटी म्हणाली. आवाज मऊ होता, तोच जास्त टोचला. "ट्रंक भरायला घेऊ."

"थांबा थांबा!" इस्त्रीवालीनं इस्त्रीची पिनच उपटली. "आज गिऱ्हाईक नाही ना? म्हणजे आज यायला चालतंय? अहो, महिनाभर कान तिकडं लावून बसलोय आम्ही!" आणि ती गल्लीत जाऊन ओरडली, "ए! सात नंबर आज मोकळं आहे! या लवकर!"

सलूनवाला अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून आला. होडीवाला वल्हं हातात घेऊनच आला. तिघंही अकरा खुर्च्यांत घुसले आणि एकदमच बोलायला लागले.

"आजी, आधी ते सांगा! शिडी कुणी काढली?"

"रोज शिट्टी वाजते आणि सासरे पत्र्यावरच!"

"आमची पैज लागलीय. मी म्हणतो, सासूनं काढली."

थोरलीनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पदर सावरला. "मी काढली," ती म्हणाली. "नवी सून होते. मला शिडी लोणच्याची बरणी काढायला हवी होती!"

होडीवाल्याच्या हातून वल्हंच पडलं. "आणि ती इस्त्री मारलेली मान," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली, "मी सगळ्या गावात सांगितलीय हो!"

धाकटी मात्र बोटं मोजत होती. "तीनच आहेत," ती म्हणाली. "ठरलं होतं चार."

तेवढ्यात दारातून एक ओळखीचा, पण कुठला ते लक्षात न येणारा माणूस डोकावला. हातात झेंडा नव्हता, म्हणून कुणी ओळखलंच नाही.

"बस बंद आहे," झेंडेवाला कसंनुसं म्हणाला. "खोलीवर एकट्याला करमेना. बसू का जरा? शिडीचं मलाही कधी कळलं नाही. शिट्टी मीच वाजवतो ना."

"बस!" थोरली कडाडली. "आधी सांग, जन्म याच घरात हे कुठल्या शहाण्यानं छापलं?"

"आजी, तुम्ही इतक्या हक्कानं आत बोलावलंत," तो म्हणाला, "मला वाटलं, इथल्याच."

थोरलीनं मटाराची परात त्याच्यापुढं सरकवली.

मग तिनं विचारलं, तर कळलं की सलूनवाला अकरा वर्षांपूर्वी आला, इस्त्रीवाली चार, आणि होडीवाला तर बायकोबरोबर दोन दिवस फिरायला म्हणून आला होता, तो राहिलाच. झेंडेवाला याच हंगामातला.

"मग या गावचं आहे तरी कोण?" धाकटी वैतागली.

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. "छापील तरी याच," सलूनवाला म्हणाला.

दुपारी पाहुणे पांगले. धाकटीनं ट्रंक स्वतःच खाटेखाली ढकलली, पण हार मानील ती धाकटी कसली!

"एक विचारते, ताई. यांतल्या एकाला तरी तुझं नाव माहीत आहे का?"

थोरलीनं आठवून पाहिलं. सासऱ्यांचं सांगितलं, शिडीचं सांगितलं, नाव राहिलंच! आणि त्यांची तरी तिनं कुठं विचारली होती?

तेवढ्यात समोरून आरोळी आली, "सात नंबर! ओ सात नंबर! चहा टाकलाय, येताय ना?"

धाकटीच्या भुवया वर गेल्या.

"ही काय हाक मारायची रीत झाली?" थोरली संतापली. "मी काय लॉजमधली खोली आहे? घरंदाज बाईला नंबरानं बोलावतात? मी मुळीच ओ द्यायची नाही! मरेपर्यंत द्यायची नाही!"

बोलली ती खरं. पण धाकटीला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. उरलेलं निम्मं थोरली रस्ता ओलांडता ओलांडता बोलत होती.