बंब, बळ आणि बलकार सिंग

आपली चोरीला गेलेली वस्तू पोलीस शोधून आणून देतील, असं समजणारी माणसं भाबडी असतात. आपली वस्तू आपणच आणायची! त्याला लागतं काय? मनगटात जोर आणि डोक्यात कायदा. माझ्याकडे दोन्ही आहे, असं मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता उल्काला ऐकवलं.

"मनगटात जोर?" उल्का म्हणाली. "काल लोणच्याच्या बरणीचं झाकण रेवाने उघडलं."

मुद्दा सोडून बोलायची आमच्या हिला जुनी सवय आहे.

तर मी विश्वास खटावकर. मूळचा साताऱ्याचा, नोकरी केंद्र सरकारची, सध्याची बदली चंडीगडला. आणि मुद्दा होता आमच्या बंबाचा. ज्यांनी बंब पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं. मधल्या नळीत जळण घालायचं, भोवती पाणी, खाली पितळी नळ. आमच्या बंबाच्या पोटावर ठसठशीत अक्षरात 'वामन गोविंद खटावकर' असं कोरलेलं. वामन म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर घरातून मी एवढी एकच वस्तू मागून घेतली. भोपाळ, रायपूर, गुवाहाटी, जिथे बदली तिथे बंब. चंडीगडच्या थंडीत तर त्याला तोडच नव्हती. गिझरचं पाणी अंगावरून जातं हो, बंबाचं पाणी अंगात जातं!

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो. परत येऊन पाहतो तर क्वार्टरच्या मागच्या अंगणात नुसतं राखेचं वर्तुळ. बंब गायब! मी चौकीत तक्रार दिली. तिथल्या मुन्शीने विचारलं, "ये बंब होता क्या है जी?" मी हाताने पोट दाखवलं, तोंडाने धूर काढून दाखवला. त्याने 'तांबे का बर्तन, बड़ा' असं लिहून घेतलं आणि मला पाणी पाजलं.

पुढे दोन महिने सगळं थंड. आणि मग आदल्याच दिवशी, शुक्रवारी, ऑफिसातून येताना मी सेक्टर बावीसच्या मार्केटमध्ये शिरलो, तर एका लस्सीवाल्याच्या काउंटरवर माझा बंब! घासूनपुसून लख्ख केलेला, गळ्यात झेंडूची माळ, आणि नळातून गिऱ्हाइकांना कांजी वाढणं चालू होतं. कांजी म्हणजे काळ्या गाजराचं ते आंबट, जांभळंलाल पाणी. तांब्यात आंबट! माझ्या वडिलांच्या बंबात आंबट! मी जवळ जाऊन पाहिलं. माळेखाली 'वामन गोविंद' स्पष्ट वाचता येत होतं.

"मग त्याच चौकीत जाऊन सांगा," उल्का म्हणाली. "तक्रार दिलेली आहे. ते जातील, घेऊन येतील."

"ते येईपर्यंत लस्सीवाला बंब वितळवून टाकेल! आणि मला हक्क आहे. हे वाच." मी मोबाईल पुढे केला. तिथे लिहिलंच होतं, 'आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी बळाचा वापर करण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, परंतु…'

"परंतु काय?"

"पुढे बारीक अक्षरं आहेत. मुख्य मुद्दा आला की वर."

"पापा, पूरा तो पढ़ लो!" रेवा आतून ओरडली. आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. सल्ला मात्र दोन्ही भाषांत आईचाच असतो.

मी चप्पल घातली.

दुकान नुकतंच उघडलं होतं. गल्ल्यावर मालक बसला होता, बलकार सिंग. माणूस कसला, दाराची चौकट भरून टाकील असा आडवा! दाढी पांढरी, हात माझ्या मांडीएवढे. पण मी एक कांजी मागवली, उभ्याउभ्या प्यायलो आणि आवाज चढवून म्हणालो, "ये बंब मेरा है."

"की?" बलकार सिंगने पंजाबीत 'काय?' असं विचारलं.

"बंब! मेरा बंब है!"

शेजारी कुलचा खाणाऱ्या माणसाचा घास हातात राहिला. "बम?"

"हाँ, बंब! इस पर मेरे बाप का नाम लिखा है! इसके पेट में आग होती है! आज मैं इसको लेकर ही जाऊँगा!"

बाकडी उलटली. ग्लास पडले. क्षणात दुकान रिकामं! तुम्हाला खरं सांगतो, मला वाटलं, माझा आवेश पाहूनच पळाले. छाती आणखी दोन इंच फुगली. एकटा बलकार सिंग तेवढा जागचा हलला नाही. त्याने काउंटरमागून येऊन बंबावर एक हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "ओ भाजी, हो क्या गया? बैठो तो सही." पंजाबीत भाजी म्हणजे भाऊ.

तिथे मी बसलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण माझ्या डोक्यात कायदा होता! बळाचा वापर! मी दोन्ही हातांनी त्याला सगळा जीव लावून ढकललं.

एरवी तो तसूभरही हलला नसता. पण खाली कांजी सांडली होती. त्याचा पाय सटकला आणि तो एवढा मोठा माणूस मनगटावर पडला. काड् असा आवाज आला.

तो ओरडलाही नाही. नुसता मनगट धरून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. आपण काय केलं हे हातापायांना कळलं, डोक्याला कळायला वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात मी, शहाण्या माणसाने जे मुळीच करू नये ते केलं. बंब उचलला आणि पळालो!

भरलेला बंब घेऊन पळून बघा एकदा. नळ अर्धवट उघडा राहिलेला. छातीवरून, पँटवरून, चपलांतून जांभळंलाल पाणी वाहतंय. बंबाच्या गळ्यातली माळ माझ्या गळ्यात आलेली. मागून कोणीतरी किंचाळलं, "बम लेके भाग रहा है! ज़ख़्मी है! ख़ून निकल रहा है!"

"मेरा बंब है!" मीही ओरडलो. "किसी को नहीं दूँगा!"

दुकानांची शटरं धडाधड खाली आली. रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. बसस्टँडच्या बाजूने येणारी माणसं मला पाहून तशीच मागे फिरली. सगळा बाजार माझ्यासाठी रस्ता मोकळा करत होता, आणि मला मात्र दम लागला होता. चौकातल्या वळणावर पोलिसांची गाडी आडवी आली. दोघं उतरले. एकाच्या हातात पिस्तूल!

"नीचे रख! आराम से! हाथ ऊपर!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोणी पिस्तूल रोखलं होतं. डोळ्यांसमोर उल्का आली, रेवा आली, आणि मग ऑफिसातला तो नियम आला, अटक झाली की निलंबन! मी बंब हळूहळू, अगदी तान्ह्या बाळासारखा खाली टेकवला. हळू अशासाठी, की त्याला पोचा पडू नये. ते पाहून अख्ख्या रस्त्यातली माणसं पालथी झोपली!

पुढे काय काय आलं! दोऱ्या आल्या, जाड कोट घातलेली माणसं आली, मला फुटपाथवर पालथं पाडून हात मागे बांधले. शेवटी एक कुत्रा आला. तो बंबाभोवती फिरला. कोणी श्वास घेत नव्हतं. मग तो थांबला, नळाला नाक लावलं, कांजी चाटली आणि जोरात शिंकला.

"सर," जाड कोटातला माणूस म्हणाला, "ये तो गीज़र है."

चौकीत मला सब-इन्स्पेक्टर सिमरत कौर यांच्यासमोर बसवलं. तिशीतली बाई, आवाज कधीच न चढवणारी. त्यांनी माझी तक्रार काढायला लावली. तोवर उल्का धावत आली होती. माझ्या अंगावरचा तो लाल रंग पाहून ती दारातच भिंतीला टेकली.

"अहो! कुठे लागलंय?"

"गाजर आहे ते," मी म्हणालो. त्यानंतर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा पिस्तूल बरं होतं.

"बर्तन आपका है, मान लिया," सिमरत कौर म्हणाल्या. पुढचं त्यांनी हिंदीत सांगितलं, मी मराठीत सांगतो. "चोरी झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"साताऱ्याला."

"म्हणजे चोर तुमच्यासमोर नव्हता. समोर असता, बंब उचलत असता, तर त्याला अडवायला गरजेपुरती ताकद वापरायचा हक्क तुम्हाला होता. गरजेपुरती! पण चोर माल घेऊन निसटला की तो हक्कही संपला. मग माल कोणाकडे दिसला तर आम्हाला सांगायचं. दोन महिन्यांनी जाऊन, ज्याने चोरी केलेलीच नाही अशा माणसाला पाडायचं नाही. खटावकरजी, बंब तुमचा आहे. मनगट तुमचं नव्हतं."

मी 'परंतु'च्या पुढचं त्या दिवशी असं तोंडी ऐकलं.

"तक्रार झाली तर?" उल्काने विचारलं.

"ते त्यांच्यावर आहे," म्हणत सिमरत कौरनी दाराकडे पाहिलं.

बलकार सिंग आत येत होता. हाताला ताजं प्लास्टर, हात गळ्यात अडकवलेला. मी उभा राहिलो. उल्का पुढे झाली आणि तिने सरळ हात जोडले. मग मीही जोडले. माझे जांभळे होते.

बलकार सिंगने आमच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग खुर्चीत बसला. ती करकरली. "इथून जवळच्या खरड गावातल्या भंगारवाल्याकडून घेतला मी," तो हिंदीत म्हणाला. "पक्कं बिल आहे. त्याच्यावर नाव आहे हे दिसलं. मला वाटलं, बनवणाऱ्याचं असेल. तुमच्या वडिलांचं?"

मी मान हलवली.

"माझ्या वडिलांचं नाव असतं, तर मीही सोडला नसता. पण भाजी," त्याने प्लास्टर वर उचललं, "माँग तो लेते! ख़ुद रिक्शे में रखवा देता."

मला वाटतं, केस झाली असती तरी एवढी लाज वाटली नसती.

त्याने लेखी दिलं की आमच्यात समझोता झाला. अट एकच. "मेरा हाथ गया. छुट्टी वाले दिन भीड़ में गिलास कौन भरेगा?"

तर प्लास्टर निघेपर्यंत प्रत्येक शनिवारी आणि रविवारी केंद्र सरकारचा हा अधिकारी, विनावेतन, कमरेला फडकं बांधून सेक्टर बावीसमध्ये कांजी वाढत होता. गिऱ्हाइकं लांबून येत होती. "बम वाले अंकल, एक बड़ा गिलास!" बलकार सिंगचा धंदा वाढला. तो मला दुपारी जेवल्याशिवाय सोडत नसे. रेवाने मैत्रिणींना घेऊन येऊन माझे फोटो काढले. बंब मात्र मुद्देमाल म्हणून चौकीच्या कोठडीत गेला. कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळणार नव्हता. मी गिझरने आंघोळ करायला लागलो आणि मनाशी पक्कं केलं, यापुढे बळ नाही. काहीही झालं तरी फोन करायचा.

मार्चअखेरीची गोष्ट. रविवारची सकाळ, मी दुकानात जायला निघालो होतो. मागच्या अंगणात खुडबुड ऐकू आली म्हणून उल्का आणि मी दार उघडून पाहतो, तर एक माणूस आमची पाण्याची मोटर उपटून पोत्यात भरत होता! आमच्यासमोर! दिवसाढवळ्या!

"अहो, धरा त्याला!" उल्का ओरडली.

"थांब!" मी खिशातून मोबाईल काढला. "आपण कायदा हातात घ्यायचा नाही!" आणि पोलिसांचा एकशेबारा नंबर लावला.

पोतं खांद्यावर टाकून तो भिंतीकडे निघाला. उल्काने माझ्याकडे एकदा पाहिलं, कोपऱ्यातली फरशी पुसायची काठी उचलली आणि भिंतीवर चढणाऱ्या त्या माणसाच्या पायात आडवी घातली. पोत्यासकट तो खाली आला. उठायला लागला तसं तिने ओला बोळा त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "हिलना मत!" तो हलला नाही. मीही हललो नाही.

रेवाने आतून थेट चौकीत फोन केला होता, त्यामुळे सिमरत कौर स्वतः आल्या. त्यांनी चोराचे हात पाय पाहिले, कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यांनी उल्काशी हात मिळवला. "एकदम क़ानून के हिसाब से, मैडम! चोर सामने था, माल उसके हाथ में था, और ताक़त उतनी ही, जितनी ज़रूरी थी. ऐसे ही करना चाहिए."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"और खटावकरजी, आप उस वक़्त क्या कर रहे थे?"

मी मोबाईल कानापासून जरा लांब धरला. आतून रेकॉर्ड केलेली बाई अजून अदबीने सांगत होती, 'कृपया प्रतीक्षा करें, आप कतार में हैं.'

"जी," मी म्हणालो, "मैं लाइन में हूँ."