बुवांची शिट्टी

महादेवबुवा बायकांना शिट्टी मारतात, हे ऐकून घोडपदेवची ती अख्खी चाळ हादरली. बुवा म्हणजे भजनी मंडळाचे बुवा. सत्तरी ओलांडलेली, कपाळाला बुक्का, तोंडात नवी कवळी. मोबाइलवर वाह्यात गाणी वाजवत जाणारी पोरंसुद्धा बुवांच्या दाराशी आली की आवाज बंद करायची. आणि हा माणूस सकाळी पाणी भरायला चौकात उतरलेल्या बायकांना गॅलरीतून शिट्टी मारतो? ज्याने ऐकलं त्याचा आ वासलेलाच राहिला. मिटला तो फक्त शेजाऱ्याला सांगण्यापुरता.

सुरुवात शेफालीच्या तक्रारीने झाली. शेफाली तिसऱ्या माळ्यावरची सून, दादरला एका लॅबमध्ये कामाला. ती चाळ समितीकडे गेली. समिती म्हणजे दिनेश. बाकीचे सभासद नुसते सहीपुरते.

"दिनेशभाऊ, मला रोज कोणीतरी शिट्टी मारतं. संध्याकाळी गेटवर अंधारात..."

"बस वहिनी, पुढे बोलू नका. बाईमाणसाला हा त्रास! आपल्या चाळीत! मी बघतो."

बाईचं ऐकायचं नाही आणि 'बघतो' म्हणायचं, एवढ्या भांडवलावर दिनेश अध्यक्ष झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः नळापाशी जाऊन उभा राहिला. पाणी आलं आणि पाठोपाठ वरून शिट्टी आली. लांब, गोड, शेवटाला वर उचललेली. नळावरच्या बायकांनी माना वर केल्या. पहिल्या माळ्यावरच्या गॅलरीत एकटे बुवा आपल्याच तंद्रीत तुळशीला पाणी घालत होते.

"बुवा! या वयात?" दिनेश खालून ओरडला.

बुवांना वाटलं, तुळशीबद्दल विचारतोय. ते हसून म्हणाले, "अरे, वयाचं काय त्यात? लहानपणापासून करतोय. रोज सकाळी. मन कसं प्रसन्न राहतं!"

एका बाईच्या हातून कळशी सुटली.

तासाभरात बातमी बुवांच्या स्वयंपाकघरात पोचली. लक्ष्मीकाकूंनी गॅस बंद केला आणि पोटमाळ्यावरची बॅग खाली ओढली. कणकवलीला भावाकडे जायचं ठरलं, तेही कायमचं.

"माका वाटला, ह्ये भजनाक जातत!"

"अगो, मला शिट्टी येते तरी का? तू कधी ऐकलीस?"

"माका कशाक ऐकवशात? माज्यासाठी कधी मारलात काय?"

शिट्टी मारली हा गुन्हा, आणि बायकोला मारली नाही हा त्याहून मोठा. संसार मोडायला आलेला आणि बाजू मांडायला जागा नाही.

रविवारी सभा बसली. दिनेशच्या हट्टाने घटनास्थळी, म्हणजे बुवांच्याच गॅलरीत. बुवांना भिंतीशी खुर्चीवर बसवलं, डोक्यावर पावसाच्या पाण्याचा फुटका जुना पाइप. लक्ष्मीकाकू भरलेली बॅग घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आज निकाल, आजच गाडी.

"मला शिट्टी येतच नाही रे," बुवा काकुळतीला आले. "कवळी बसवल्यापासून 'श' पण धड येत नाही."

"मारून दाखवा."

"येत नाही ती दाखवू कशी?"

"येत नाही हेच दाखवा!"

बुवांनी ओठांचा चंबू केला. फुस्स. कवळी हलली. परत फुंकलं, फुस्स. बायका पदराआड हसल्या. मग बुवांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, चंबू केला आणि गॅलरीभर शिट्टी घुमली. लांब, गोड, शेवटाला वर उचललेली.

सगळे थिजले. सगळ्यात जास्त बुवा. त्यांनी घाईघाईने कवळी काढून हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. कवळी हातात, तोंड उघडं, आणि तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली.

पाइपाच्या तोंडातून एक काळा-पांढरा पक्षी निघाला आणि शेपटी ताठ करून कठड्यावर बसला.

"अरे देवा, दयाळ ह्यो!" लक्ष्मीकाकू ओरडल्या. "आमच्या परसात असायचो!"

शेफालीने मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचलं. दयाळ पाइपात, भिंतीच्या भोकात, मिळेल तिथे घरटं करतो. माणसांना भीत नाही. गातो तो नर, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की मारायलाच धावतो.

काकूंनी बॅग पायानेच घरात ढकलली. "चाय टाकतंय," त्या बुवांकडे न बघता म्हणाल्या. "ती कवळी आधी तोंडात घाला."

"चला, प्रकरण मिटलं!" दिनेशने हात झटकले. "पक्षी!"

"आणि गेटवर?" शेफालीने विचारलं.

"तोच की वहिनी! पाखरू आहे, उडत जात असेल."

पुरुषमंडळींनी टाळ्या वाजवल्या. चाळीतल्या सगळ्या शिट्ट्या एका पाखराच्या नावावर टाकून सगळे मोकळे झाले.

"पक्षी असेल तर फारच हुशार आहे," शेफाली म्हणाली. "कालच रेकॉर्ड केलाय. ऐका." तिने बटण दाबलं.

आधी शिट्टी. मग आवाज: "ए चिकनी, थांब ना! एवढी काय घाई?"

हा आवाज ओळखायला कोणालाच वेळ लागला नाही. दर गणपतीत चाळीने तो माइकवर सहन केला होता. टाळीसाठी वर गेलेले दोन-चार हात तसेच राहिले. बुवांनी नुकतीच बसवलेली कवळी परत निसटली.

"बंद करा ते! खोटं आहे!" दिनेशने शेफालीच्या हातातून मोबाइल हिसकावला. घाईत भलतंच दाबलं गेलं आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू झालं, तेही दुप्पट आवाजात. शिट्टी वाजली.

कठड्यावरच्या दयाळाने ती ऐकली. आपल्या हद्दीत दुसरा नर! त्याने समिती नेमली नाही, पुरावा मागितला नाही, 'बघतो' म्हटलं नाही. तो सरळ दिनेशच्या हातावर तुटून पडला. तिथून कानावर, कानावरून टकलावर. मोबाइल टाकावा तर दुसऱ्याच्या हाती लागणार, म्हणून दिनेश तो छातीशी धरून गॅलरीतून पळत सुटला. मागे दयाळ, आणि छातीशी स्वतःचाच आवाज: "ए चिकनी, थांब ना!"

वरच्या माळ्यावर दिनेशची बायको सीमा कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवर थांबला. तिने पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. ओली चादर पिळता पिळता ती वाकून म्हणाली,

"अहो, तो पक्षी सोडेल तुम्हाला. वर या."