मास्तरांचे 'अहो'

शेळगावच्या शाळेत दगडू मास्तरांनी 'अहो' म्हटले की पोर दप्तरामागे तोंड लपवी.

एरवी ते सगळ्यांना अरे-तुरे करत. दंगा करणाऱ्याला मात्र बढती मिळे. वर्गात ऊस चघळणारा गण्या पहिल्या खेपेला 'गणपतराव' होई, दुसऱ्या खेपेला 'गणपततात्या'. तिसऱ्या खेपेला तो 'गणपतआबा' झाला की मास्तर आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवत आणि वर्गाला उठून रामराम घालायला लावत. खरी शिक्षा मधल्या सुट्टीत. पोरे हुतुतू खेळायला धावत आणि मास्तर आबांना हात धरून सावलीला बसवत.

"बसा, आबा. तुमचं वय झालं. हाडं मोडतील."

"मास्तर, मारा हवं तर, पण आबा म्हनू नगा!" असे गण्या रडकुंडीला येऊन म्हणाला, ते मी स्वतः ऐकले आहे. मी तीस-बत्तीस साली बारामतीहून तिथे दुय्यम शिक्षक म्हणून गेलो होतो. माझी छडी महिन्याभरात मोडली. गोंधळ मोडला नाही.

आबापद सर्वाधिक वेळा भूषवले ते सोपानने. एकदा त्याने मास्तरांच्या टोपीत बेडूक ठेवला. मास्तरांनी टोपी उचलली, आत पाहिले. "सोपानआबा, तुमच्याकडं पाव्हणं आल्यात," एवढेच म्हणाले.

त्या हिवाळ्यात सोपानचा बाप तापाने गेला. तेराव्याला मास्तर आणि मी गेलो. भावकीने पोराला पागोटे बांधले. ते त्याच्या कानांखाली येत होते. येणारा-जाणारा "सोपानराव, आता तुमीच बगायचं" म्हणत होता. सोपान कोणाकडेच पाहत नव्हता.

त्याचा चुलता मास्तरांना म्हणाला, "सोपानराव आता घरचे कर्ते. उसाला पाणी धरायचं हाय. शाळा बास."

"पाण्याची पाळी कवा असती, तात्या?"

"रातची."

"मग दिवसा त्याला माझ्याकडं धाडा."

"आन् रातीला?"

"रातीला पोराला झोपू द्या. पाणी तुमी धरा."

"मग ह्यो कर्ता कशाचा?"

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

तात्यांनी पागोट्याकडे पाहिले. "न्या," म्हणाले.

परतताना मी मास्तरांना विचारले, दुखवट्याच्या घरात एवढे भांडायचे कशाला?

"मला ह्याच्याहून लहान वयात बांधलं पागोटं," ते म्हणाले. "त्या दिवसापासनं आईसुदीक मला इचारून चूल पेटवायची. खेळायला बोलवायला मातूर कुणी आलं न्हाय."

सोमवारी सोपान शाळेत आला. दुपारपर्यंत पाटी गिरवत बसला. मग त्याने पुढच्या गण्याची शेंडी खिडकीच्या गजाला बांधली. गण्या कोकलला. वर्ग नव्या बढतीची वाट पाहू लागला. मीही दारात थांबलो.

"सोप्या!" मास्तर ओरडले. "ऊठ गाढवा! धर अंगठे!"

सोपान जवळजवळ धावतच पुढे गेला. वाकला, अंगठे धरले, आणि तसाच उलटा हसू लागला.

त्याला उठवायचे मास्तर विसरले. त्यानेही आठवण करून दिली नाही.