नाना बसतात

नाना गोखल्यांना उभ्यानं बोललेलं चालत नसे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या रस्त्यांवर ते काखेत घडीची खुर्ची घेऊन फिरत. कुणी ‘हाय’ म्हणालं की खुर्ची उघडली जायची. “उभ्या उभ्या माणूस खोटंच बोलतो,” असं त्यांचं मत. काही अमेरिकन शेजारी तर नाना दुरून दिसले की रस्ता ओलांडायचे.

त्यांच्या पत्नी विमलकाकू गेल्यावर मुलानं त्यांना साताऱ्याहून आणलं होतं. मुलगा-सून सकाळच्या गाडीनं शिकागोला जात. आमचं घर शेजारीच.

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात कोपऱ्यावरच्या घरात मिसेस हॅरिस राहायला आल्या. शाळेत शिकवायच्या, दोन मुली होत्या. आमच्या गल्लीतलं ते पहिलं काळं कुटुंब. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, सगळे कामावर असताना, कुणीतरी त्यांच्या गॅरेजच्या दारावर ‘चालते व्हा’ असं रंगवून गेलं. त्यांनी ते पुसलं. पुन्हा लिहिलं गेलं, त्यांनी पुन्हा पुसलं. मग त्यांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ची पाटी लागली.

आमच्या मराठी मंडळात विषय निघाला. “आपण कशाला मध्ये पडायचं? आपण इथले पाहुणे,” एक डॉक्टर म्हणाले.

“पाहुण्याला बसाच म्हणतात ना?” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नानांनी मिसेस हॅरिसच्या ड्राइव्हवेवर खुर्ची मांडली. कानटोपी, मफलर, थर्मासमध्ये चहा. वरून मेपलची पिवळी पानं सावकाश उतरत होती, लांबून गाडीची शिटी येत होती. त्या मऊ उन्हात नाना राखण करता करता डुलक्या घेत होते.

कुणीतरी पोलिसांना फोन केला. मी त्या दिवशी घरीच होतो, धावत गेलो.

“सर, काय करताय इथे?” पोलिसानं विचारलं.

“आय ॲम सिटिंग ओन्ली,” नाना म्हणाले.

तेवढ्यात मिसेस हॅरिस शाळेतून आल्या. त्यांनी नानांकडे पाहिलं, गॅरेजच्या कोऱ्या दाराकडे पाहिलं आणि पोलिसाला म्हणाल्या, “ते माझ्याकडे आलेत.”

नाना रोज बसू लागले. मग पलीकडचा रिटायर्ड इटालियन सुतार आपली खुर्ची घेऊन आला. माझी बायको चिवडा घेऊन गेली. चर्चमधल्या दोन आजीबाई विणकाम घेऊन आल्या. शेवटी ते डॉक्टरही आले, पण सुरुवातीला गाडीतच बसून राहिले. दारावर पुन्हा काही उमटलं नाही. पहिला बर्फ पडायच्या आत मिसेस हॅरिसनी स्वतः ती पाटी उपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना नानांनी खुर्ची मिटून काखेत घेतली.

“जिंकलात की नाना,” मी म्हणालो.

“हो. आता बसायचं कारण उरलं नाही.” चार पावलं गेल्यावर ते थांबले. चक्क उभे राहूनच बोलले. “ती बाई शाळेतून आली की रोज मला विचारायची, ‘डिड यू ईट?’ विमल गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं रे.”

मागून धाकटी हॅरिस पळत आली. “मिस्टर नाना, मॉम म्हणते उद्या थंडी फार आहे. उद्या आत येऊन बसा.”

नानांनी मफलर उगाचच नीट केला. “किती वाजता, विचार तिला,” ते मला मराठीत म्हणाले. इंग्रजी त्या क्षणी त्यांना सुचेना.